ऑर्कुट आणि भारतीय समाज (२००४-२०१४) : सामाजिक संपर्क संकेतस्थळांच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :

संपर्क-साधनांचा इतिहास हा समाजाच्या इतिहासाचाच एक भाग होय. पत्र, तार आणि दूरध्वनी ही साधने मुख्यतः दोन व्यक्तींना जोडीत असत. सामाजिक संपर्क संकेतस्थळांनी मात्र व्यक्तीचे संपूर्ण ओळखीचे वर्तुळच इतरांना दिसेल अशा रीतीने मांडले. भारतातील शिक्षित तरुणांना या बदलाचा पहिला व्यापक अनुभव ऑर्कुटने दिला. प्रस्तुत लेखात ऑर्कुटचा उदय, त्यातून उद्भवलेला उत्तरदायित्वाचा प्रश्न आणि त्याच्या अस्तामुळे इतिहास-साधनांची झालेली हानी यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

१९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले ‘सिक्सडिग्रीज’ हे या प्रकारातील आरंभीचे संकेतस्थळ मानले जाते. त्यानंतर फ्रेंडस्टर, लिंक्डइन व मायस्पेस यांचा उदय झाला. डॅना बॉइड आणि निकोल एलिसन यांनी २००७ मध्ये अशा संकेतस्थळांची तीन लक्षणे सांगितली : व्यक्तीचा सार्वजनिक वा अंशतः सार्वजनिक परिचय, तिच्या परिचितांची यादी आणि त्या यादीतून इतरांच्या याद्यांपर्यंत जाण्याची सोय. यांपैकी तिसरे लक्षण सर्वाधिक महत्त्वाचे आहे. हरवलेला वर्गमित्र सापडतो तो या सोयीमुळेच.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. ‘मायबोली’ या संकेतस्थळाने १९९६ पासून देशोदेशीच्या मराठी भाषकांना एकत्र आणले होते. म्हणजेच समान आवडीच्या लोकांनी महाजालावर जमणे मराठी समाजाला अगदीच अपरिचित नव्हते.

ऑर्कुटचा प्रसार :

गूगलमधील अभियंता ऑर्कुट ब्युयुक्कोक्टेन यांनी तयार केलेले हे संकेतस्थळ जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले. आरंभी सदस्याच्या निमंत्रणाशिवाय त्यात प्रवेश मिळत नसे. ब्राझील आणि भारत या दोन देशांत त्याचा विशेष प्रसार झाला. स्क्रॅपबुकमधील निरोप, मित्राने लिहिलेले प्रशस्तिपर टेस्टिमोनियल आणि आवडीनुसार स्थापन झालेले समुदाय ही त्याची प्रमुख अंगे होती. घरी संगणक नसलेला विद्यार्थी सायबर कॅफेत जाऊन निरोप वाचीत असे. देवनागरी टंकलेखनाची सोय सर्वत्र नसल्याने मराठी मजकूर बहुधा रोमन लिपीत लिहिला जाई. पुढे संकेतस्थळाची मांडणी मराठीतही उपलब्ध झाली.

उत्तरदायित्वाचा प्रश्न :

समुदाय स्थापन करणारा एक, लिहिणारे अनेक आणि जागेची मालक परदेशी कंपनी. अशा स्थितीत आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न महाराष्ट्रात लवकरच न्यायालयापुढे आला. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने भारतद्वेषी समुदायाच्या प्रकरणी गूगलला नोटीस बजावण्याचे निर्देश दिले. २००८ मध्ये एका राजकीय पक्षावर टीका करणारा समुदाय स्थापन केल्याबद्दल केरळमधील एका विद्यार्थ्यावर ठाणे येथे गुन्हा नोंदविण्यात आला. तो रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये नकार दिला.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली आणि कलम ६६अ लागू झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुराच्या कारणाने दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा या कलमाची व्याप्ती देशभर चर्चिली गेली. अखेर २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले. त्याच निकालानुसार, न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना मिळाल्यावर मजकूर हटविणे हे मध्यस्थ कंपनीचे कर्तव्य ठरले. ऑर्कुटच्या काळात उपस्थित झालेल्या प्रश्नाला कायद्याचे असे उत्तर मिळेपर्यंत ऑर्कुट बंद झालेले होते.

अस्त आणि इतिहास-साधने :

२०१० मध्ये फेसबुकने भारतात ऑर्कुटला मागे टाकले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. सदस्यांना आपला मजकूर उतरवून घेण्यासाठी सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. ज्यांनी तो उतरवून घेतला नाही, त्यांचे निरोप व छायाचित्रे त्यांना दुरावली.

येथे इतिहासकाराने थांबून विचार करणे आवश्यक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागदपत्रे मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. वाळवी, ओल आणि अनास्था यांतूनही ते कागद उरले, कारण ते अनेक घरांच्या दप्तरांत विखुरलेले होते. ऑर्कुटवरील लेखन लाखो हातांचे असले, तरी दप्तर एकाच मालकाचे होते. त्याने दार बंद करताच एका पिढीच्या दैनंदिन भाषेचा, मैत्रीचा आणि वादांचा मोठा दस्तऐवज संशोधकाच्या आवाक्याबाहेर गेला.

निष्कर्ष :

१. ऑर्कुटने ओळखीचे जाळे दृश्य केले; दुरावलेले संबंध पुन्हा जोडणे त्यामुळे सुलभ झाले.

२. सार्वजनिक अभिव्यक्तीचे साधन आधी आले आणि तिच्या संरक्षणाची कायदेशीर चौकट नंतर स्पष्ट झाली. या अंतराची किंमत सामान्य तरुणांना मोजावी लागली.

३. संकेतस्थळावरील मजकूर आपोआप टिकत नाही. ज्यांच्यापाशी ऑर्कुटवरून उतरविलेला मजकूर अद्याप आहे, त्यांच्या संमतीने तो जतन करण्याचे कार्य महाविद्यालयीन ग्रंथालये व इतिहास विभाग यांनी हाती घेतल्यास या दशकाची काही साधने तरी भावी अभ्यासकांसाठी शिल्लक राहतील.