पूल पोटात मोडतो की पायात?

एक किलोहून हलका पूल, तोही सुकलेल्या स्पगेटीच्या काड्यांचा. त्यानं पेललेलं वजन मात्र ४४३ किलोंहून जास्त! हा विक्रम २००९ साली हंगेरीच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅनडात केला. तिथल्या केलोना शहरातल्या ओकानागन कॉलेजनं ही स्पर्धा १९८३ साली सुरू केली. सामान म्हणजे पास्ता आणि गोंद, एक मीटरचा गाळा, आणि मधोमध वजन टांगत जायचं. कुठवर? पूल मोडेपर्यंत.

मला या खेळातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे मोडणंच. पूल कुठून मोडतो हे कळायला माणसाला फार मोठी किंमत द्यावी लागली आहे.

नंदुरबार जिल्ह्यातलं कोरीट हे माझं गाव. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात शेवया वाळत घालतात, त्यामुळे गव्हाची वाळलेली काडी कशी कडकन तुटते हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण एक गंमत करून बघा. स्पगेटीची अख्खी काडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरा आणि वरून बोटानं दाबा. काही ग्रॅमांतच ती बाक घेते. आता तिचा अर्धा तुकडा करून तसाच दाबा. साधारण चौपट जोर लागेल. तीच काडी ओढून तोडायला गेलात तर हिशेब थेट किलोंत जातो. म्हणजे बारीक, लांब वस्तू ताण सोसते. दाबाखाली मात्र वाकून जाते. लांबी आणि दाबाचं हे गणित ऑयलर या गणितज्ञानं अठराव्या शतकातच मांडलं होतं.

गणित माहीत असूनही २९ ऑगस्ट १९०७ रोजी कॅनडातला क्वेबेकचा पूल बांधता बांधताच कोसळला. ७५ कामगार गेले. दाब सोसणाऱ्या खालच्या पोलादी तुळया आधीच काही दिवस वाकलेल्या दिसत होत्या. ते वाकणं कितपत गंभीर आहे यावर इंजिनियरांची पत्रापत्री चालू होती. काम मात्र थांबलं नाही. टेबलावरचा पास्त्याचा पूलही मोडण्याआधी असाच किंचित वाकतो, फक्त त्याच्यावर कुणी उभं नसतं.

या वाकण्यावर जुना उपाय म्हणजे त्रिकोण. चौकोन कोपऱ्यांतून कलतो, त्रिकोण बाजू तुटल्याशिवाय आकार बदलत नाही. शिवाय लांब काडीचे छोटे छोटे तुकडे होतात, आणि छोटा तुकडा दाब जास्त सोसतो. १८४८ साली जेम्स वॉरन यांनी एका भागीदारासह ओळीनं त्रिकोण जोडलेल्या तुळईचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं. पास्त्याचे कितीतरी पूल आजही याच घाटाचे असतात.

हेच त्रिकोण लवकरच आपल्या बाजूला आले. तापी आमच्या जिल्ह्यातून पुढे सुरतेला जाते. सुरत-भडोच पट्ट्यात बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग टाकला जात होता, तेव्हा कर्नल जे. पी. केनेडी या इंजिनियरनं नद्यांवर ६० फुटांचे, एकाच मापाचे वॉरन गाळे बसवायचं ठरवलं. सुटे भाग इंग्लंडहून आणायचे, नदीच्या तळात स्क्रूसारखे पिळून बसवलेल्या लोखंडी खांबांवर जोडायचे. काम झटपट आणि स्वस्तात.

पण तापीच्या शेजारची नर्मदा काही टेबल नव्हती. भडोचजवळच्या पुलाचे खांब एकामागून एक पुरांनी उखडले. डागडुजी चालूच राहिली. शेवटी नवा, भक्कम पूल बांधावा लागला आणि तो १८८१ साली खुला झाला. तोच आजचा भडोचचा गोल्डन ब्रिज.

पास्त्याचा पूल इथे गप्प बसतो. तो दोन टेबलांच्या कडांवर टेकलेला असतो; त्याला नदीच नसते. म्हणून गावातल्या पोरांबरोबर मी एक जोड-प्रयोग करतो. घमेल्यात वाळू, तिच्यात खोचलेल्या बांबूच्या काड्या, आणि एका कडेनं तांब्यातून सोडलेलं पाणी. पाणी काडीला धडकतं, खाली वळतं आणि बुडाशी वाळू उकरत राहतं. काडी शाबूत असते. कलते ती पायाखालची जागा गेली म्हणून. वर एक ग्रॅमही ओझं नसतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला. ब्रिटिश काळातला, १९२८ सालचा. अंधारात दोन एसटी बस प्रवाशांसकट पाण्यात गेल्या. त्या रात्री पुलावरचं ओझं वाढलं नव्हतं. वाढलं होतं ते खालचं पाणी.

आपण मात्र पुलाच्या तोंडाशी वजनाच्या मर्यादेची पाटी लावतो आणि निश्चिंत होतो. ती पाटी पोटाची काळजी घेते, पायाची नाही. पायाची तपासणी पाणी ओसरल्यावर, खाली उतरून, दर पावसाळ्यानंतर करावी लागते. ते काम वरून जाणाऱ्याला दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, फीतही कापली जात नाही. म्हणून ते झालं का, हे आपणच विचारायला हवं.

तुमच्या गावच्या पुलाच्या पायाशी शेवटचं कोण उतरलं होतं? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला इंजिनियर असावं लागत नाही.