बर्नआउट म्हणजे नेमकं काय? जास्त तास बसलं की काम खरंच जास्त होतं का?

रविवारची संध्याकाळ. घरात टीव्ही सुरू आहे, कुकरची शिट्टी झाली आहे आणि उद्याच्या मीटिंगच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा आलाय. शनिवारी दिवसभर झोप काढूनही अंग जड आहे. पूर्वी जो मेल पाच मिनिटांत लिहून व्हायचा, त्यासाठी आता अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसावं लागतं. घरी सांगितलं तर उत्तर ठरलेलं असतं, "टेन्शन कोणाला नसतं?"

या टेन्शनवर गेल्या काही वर्षांत चर्चा मात्र भरपूर झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये 'एल अँड टी'चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारीही काम करून घेण्याचं वक्तव्य व्हायरल झालं. मीम्सचा पाऊस पडला. पण इतके तास बसल्याने काम खरंच वाढतं का, हा साधा प्रश्न त्या गोंधळात बाजूला राहिला. त्याचं एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींमध्ये आहे.

दारूगोळा कारखान्यांचा हिशेब

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधले दारूगोळ्याचे कारखाने रात्रीचा दिवस करून चालवले जात होते. अनेक ठिकाणी रविवारची सुट्टीही गेली होती. कामगारांमध्ये बायकांची संख्या मोठी होती. १९१५ मध्ये सरकारने या कामगारांच्या आरोग्याकडे बघण्यासाठी एक समिती नेमली. कामगारांनी आठवड्याला किती तास काम केलं आणि त्या तासांत किती नग तयार झाले, याच्या नोंदी या समितीसाठी ठेवल्या गेल्या.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी याच नोंदी नव्या पद्धतीने तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढले की उत्पादनही त्याच प्रमाणात वाढत होतं. त्यापुढे मात्र प्रत्येक जादा तासाला मिळणारं फळ कमी कमी होत गेलं. ७० तास राबणाऱ्यांचं उत्पादन ५६ तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. मधले १४ तास जवळजवळ वायाच गेले होते. शत्रू दारात असताना, देशासाठी काम करणाऱ्या माणसांची ही गत होती. तिमाहीच्या टार्गेटसाठी काम करणाऱ्यांची वेगळी असेल, असं मानायला फारसं कारण नाही.

कारखान्यातले नग मोजता तरी येतात. ऑफिसात रात्री अकरा वाजता पाठवलेली एक्सेल शीट 'झालेलं काम' म्हणूनच धरली जाते. त्यातली चूक पुढच्या आठवड्यात सापडते, आणि ती दुरुस्त करायला पुन्हा कोणीतरी उशिरापर्यंत थांबतं.

तब्येतीचा हिशेब तर वेगळाच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त होता.

हा शब्द आला कुठून?

हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर हे मूळचे जर्मनीचे. नाझींच्या काळात लहानपणीच देश सोडून ते अमेरिकेत आले आणि मानसशास्त्रज्ञ झाले. न्यूयॉर्कमध्ये ते दिवसा स्वतःचे रुग्ण तपासायचे आणि त्यानंतर एका मोफत दवाखान्यात रात्री उशिरापर्यंत काम करायचे. तिथे मन लावून राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांनी चिडचिडे आणि कोरडे होत जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. तसंच काहीसं त्यांचं स्वतःचंही झालं होतं. १९७४ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला आणि 'बर्नआउट' हा शब्द रुळला. सुरुवात कामचुकारांपासून नाही, तर सगळ्यात जास्त जीव ओतणाऱ्यांपासून झाली, हे विसरायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. त्यानुसार हा आजार नाही, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळला गेल्याने होणारा परिणाम आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या जातात. पहिली, पार गळून गेल्यासारखं वाटणं. दुसरी, कामापासून मन तुटणं, सगळ्याबद्दल कडवटपणा येणं. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं आणि तसं खरंच होणं.

दुसऱ्या खुणेसाठी मराठीत आधीपासूनच नेमका शब्दप्रयोग आहे: पाट्या टाकणे. फरक इतकाच, की आपण तो आळशी माणसासाठी वापरतो. कालपर्यंत सगळ्यांच्या आधी ऑफिसला येणारा सहकारी अचानक पाट्या टाकायला लागला, तर ते आळसाचं नव्हे, बर्नआउटचं लक्षण असू शकतं.

साधा थकवा आणि बर्नआउट यांत एक ढोबळ फरक करता येतो. थकवा झोपेने आणि सुट्टीने उतरतो. बर्नआउटमध्ये गोव्याहून परत येताना गाडीतच पुन्हा तेच ओझं छातीवर बसतं. पण हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यांतही अशीच लक्षणं दिसतात. त्यामुळे स्वतःच निदान करून मोकळं होण्यापेक्षा एकदा डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

योगा सेशन ठेवूनही फरक का पडत नाही?

बर्नआउट मोजायची सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली १९८१ मध्ये ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी मांडली. पुढे मास्लाक आणि मायकल लायटर यांनी कामाच्या ठिकाणच्या सहा गोष्टींकडे बोट दाखवलं: कामाचा बोजा, स्वतःच्या कामावर असलेला ताबा, मिळणारा मोबदला आणि कौतुक, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं.

यांतली फक्त पहिली तासांशी जोडलेली आहे. म्हणूनच आठच तास काम करणारा माणूसही जळून जाऊ शकतो. काम आपण करायचं आणि श्रेय दुसऱ्याने घ्यायचं, सुट्टी मागताना दरवेळी अपराधी वाटायचं, ग्राहकाला नको असलेली पॉलिसी गळ्यात मारायची, हे सगळं थकवतंच. या दुखण्यावर शुक्रवारी दुपारचा ध्यानाचा तास ही वरवरची मलमपट्टी आहे.

मग आपल्या हातात काय उरतं?

थोडं उरतं, आणि ते उपयोगी आहे. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर पहिल्या कामाचा काही भाग डोक्यात रेंगाळतो आणि दुसरं काम बिघडतं. व्हॉट्सअॅपचा ऑफिस ग्रुप दिवसभर हेच करतो. सकाळचा दीड तास ग्रुप म्यूट करून एकच अवघड काम हातात घेतलं, तर संध्याकाळचा बराच वेळ वाचतो. मध्येच उठावं लागलं, तर 'पुढे काय करायचं' हे एका ओळीत लिहून ठेवावं.

जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिनं झोनेनटाग यांचं काम विश्रांतीवर आहे. कामानंतर शरीर घरी येणं पुरेसं नसतं, डोकंही कामावरून सुटावं लागतं, असं त्यांचं संशोधन सांगतं. सोफ्यावर आडवं पडून मेल चाळणं विश्रांतीत मोडत नाही. त्यापेक्षा तबल्याचा क्लास किंवा गल्लीतलं बॅडमिंटन जास्त भरून काढतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा विरार लोकलमध्ये दिवसाचे दोन-तीन तास घालवणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही, हेही खरं. अशा वेळी निदान प्रवासात तरी ऑफिसचे फोन घेऊ नयेत.

साहेबांशी बोलणं हा सगळ्यात अवघड भाग. "खूप लोड आहे" या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. हातातल्या कामांची यादी, प्रत्येकाला लागणारे तास आणि "नवीन काम घेतो, पण यातलं कोणतं पुढे ढकलू?" हा प्रश्न जास्त कामाला येतो. हे तोंडी झालं तरी नंतर मेलवर टाकून ठेवावं.

कायद्याचा थोडा आधार आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालण्यात आली, आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन सांगितलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. व्यवस्थापकीय आणि गोपनीय स्वरूपाच्या पदांना मात्र या तरतुदींतून सूट आहे, त्यामुळे पदनामात 'मॅनेजर' लागलेल्या अनेकांना तिचा फायदा मिळणं कठीण जातं. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कायद्यात आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, पण अजून तसा कायदा झालेला नाही.

झोप उडाली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर यादी आणि मेल बाजूला ठेवून आधी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.