आंतरराष्ट्रीय संघर्ष व शांतता : पदव्युत्तर अभ्यास

सशस्त्र संघर्ष का पेटतात, का चिघळतात आणि शस्त्र न उचलता कसे मिटवता येतात, याचे पदवीनंतरचे विद्यापीठीय अध्ययन. शांतता संशोधन, संघर्ष-निराकरण अशा निरनिराळ्या नावांनी ते चालते. राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्याकडून या विषयाने बरेच काही घेतले आहे.

त्याची पायाभरणी करणाऱ्यांत राजनयज्ञ कमीच होते. लुइस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र न धरता फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. पुढे त्याने झगड्यांची यादी करून, भूकंप मोजावेत तशी, मृतांच्या आकड्यावरून त्यांची प्रतवारी लावली. सीमेची लांबी आणि युद्धांची संख्या यांचा संबंध तपासताना त्याला आढळले, की स्पेन आणि पोर्तुगाल आपल्या सामाईक सीमेची लांबी अनुक्रमे ९८७ आणि १,२१४ किलोमीटर सांगतात. या विसंगतीतून गणितज्ञांना एक वेगळेच दालन सापडले, ही गोष्ट निराळी.

ऑस्लो येथे १९५९ मध्ये नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांच्या पुढाकाराने शांतता संशोधन संस्था निघाली. स्वीडनमध्ये उप्सालाला १९७१ मध्ये विद्यापीठात या विषयाचा विभाग सुरू झाला. युद्ध नसणे ही नुसती नकारात्मक शांतता, अन्यायकारक रचना मोडल्याखेरीज ती सकारात्मक होत नाही, ही गाल्टुंग यांची मांडणी आजही पहिल्या सत्रातच शिकवली जाते. शांततेची व्याख्या इतकी ताणली तर तिच्यात सगळेच मावेल, ही शंका रास्त आहे. अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी तर १९७७ मध्ये गाल्टुंग यांच्याशी आपली ‘बारा मैत्रीपूर्ण भांडणे’ जाहीरपणे मांडली.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात १९७३ मध्ये क्वेकरांच्या आर्थिक पाठबळावर अध्यासन स्थापन झाले. पहिले प्राध्यापक अ‍ॅडम कर्ल यांनी नायजेरिया-बियाफ्रा युद्धात दोन्ही बाजूंकडे जाऊन मध्यस्थी केली होती. त्यांच्या मते दोन्ही पक्षांचे बळ विषम असेल तर नुसत्या वाटाघाटींनी काही साधत नाही; दुर्बळाला आधी आपल्या स्थितीची जाणीव व्हावी लागते आणि मग तो दाद मागतो. शांततेच्या अभ्यासकाने तंट्याला वाट करून द्यावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण याच मुद्द्यावर हा विषय भाबड्या सदिच्छेपासून वेगळा होतो.

एक-दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात आकडेवारी, कायदा, वाटाघाटींचे सराव आणि प्रबंध असतो. उप्सालाच्या नोंदीत वर्षाला लढाईत किमान २५ मृत्यू झाले तर तो सशस्त्र संघर्ष आणि १,००० झाले तर युद्ध. वाटाघाटींच्या तासाला इजिप्त व इस्राएल यांच्यातला कॅम्प डेव्हिडचा १९७८ चा करार हमखास येतो. इस्राएलने इजिप्तकडून घेतलेल्या सिनाईत रेषा कुठेही ओढली तरी कोणीतरी नाराज होणारच होते. इजिप्तला भूमी हवी होती, इस्राएलला सुरक्षितता. म्हणून सिनाई इजिप्तकडे परत गेले आणि त्याचा मोठा भाग लष्करमुक्त ठरला.

मराठी विद्यार्थ्याला अधिक जवळचे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातले आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दादरा व नगर हवेली १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केल्यावर, दमणहून तिथे जाण्याची वाट भारताने अडवली अशी फिर्याद पोर्तुगालने १९५५ मध्ये केली. आधार होता १७७९ चा मराठे-पोर्तुगीज तह. न्यायालयाने तो तह व १७८३, १७८५ च्या सनदा तपासल्या आणि त्यांनी फक्त गावांचा महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असे ठरवले. पुढे ब्रिटिशांनी मात्र पोर्तुगालचे सार्वभौमत्व मान्य केले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालानुसार खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला व शस्त्रांना नव्हता. आणि भारताने आपल्या बंधनाचा भंग केलेला नव्हता. भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश म्हणून मो. क. छागला बसले होते. वसाहतीचा मूळ प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. तो डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात लष्करी कारवाईने सुटला. वादाचा निवाडा आणि संघर्षाचे निराकरण यांत या शाखेने केलेला फरक इथे स्वच्छ दिसतो. माजी ऑस्ट्रेलियन राजनयज्ञ जॉन बर्टन यांचे बरेचसे लेखन याच फरकावर उभे आहे.

भारतात दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात नेल्सन मंडेलांच्या नावाचे केंद्र आणि बनारस हिंदू विद्यापीठात मालवीय शांतता संशोधन केंद्र आहे. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्राचा विभाग आहे. पदवीधर संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, मदतकार्य, पत्रकारिता आणि संशोधन यांत शिरतात. मध्यस्थाच्या खुर्चीवर मात्र बहुधा मुरलेले राजदूत व मंत्रीच बसतात. तिथे नुसत्या पदवीवर प्रवेश मिळत नाही.