भंडारा ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

भंडारा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. जिल्ह्याच्या १९९९ मधील विभाजनानंतर बिरसीची धावपट्टी गोंदियाकडे गेली. त्यामुळे अमेरिकेतील मुलांकडे निघालेल्या आईवडिलांचा प्रवास भंडाऱ्याहून सुमारे ६५ किलोमीटरवरील नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासूनच सुरू होतो. पुढे मुंबईमार्गे जावे की दिल्लीमार्गे, हा प्रश्न घरोघरी पडतो आणि सवयीने मुंबईचे नाव पुढे येते.

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेस दिसते. म्हणून मुंबई गाठली की तेवढे अंतर कमी झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास नागपूरहून न्यूयॉर्ककडे जाणारी सर्वांत जवळची वाट पश्चिमेस नव्हे, तर जवळजवळ उत्तरेस निघते आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून पलीकडे उतरते. ही लांबी सुमारे १२,६०० किलोमीटर भरते. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. म्हणजे पश्चिमेकडे जवळपास ६८५ किलोमीटर जाऊनही न्यूयॉर्क जेमतेम ७० किलोमीटरने जवळ येते!

दिल्लीची गोष्ट निराळी. नागपूर ते दिल्ली सुमारे ८५५ आणि दिल्ली ते न्यूयॉर्क सुमारे ११,७५५ किलोमीटर, बेरीज १२,६१०. दिल्ली जणू वाटेवरच आहे. मुंबईमार्गे हीच बेरीज १३,२०० च्या वर जाते.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास दिल्लीहून १३ तास लागावेत. प्रत्यक्षात वारे आणि वळसे यांमुळे १५ तास किंवा अधिकही लागतात. परतीच्या वाटेवर पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशी असल्याने बहुधा तासाभराची बचत होते. भंडाऱ्यातील घरापासून न्यूयॉर्कमधील घरापर्यंत, मधला थांबा धरून, एक दिवस आणि वर दोन-तीन तास हिशेबात घ्यावेत.

घड्याळाचा घोळ वेगळाच. न्यूयॉर्क भारताच्या हिवाळ्यात साडेदहा, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. हिवाळ्यात दिल्लीहून पहाटे २ वाजता निघालेले विमान साडेपंधरा तास उडाले, तरी तेथे त्याच तारखेस सकाळी ७ वाजता पोहोचते. शरीराच्या लेखी मात्र तेव्हा सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात.

एक सावधगिरी आवश्यक. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. अशा काळात दिल्लीचा लाभ घटतो. म्हणून तिकीट काढताना किलोमीटरऐवजी छापील प्रवासवेळ पाहावा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. स्वतंत्र तिकिटे काढल्यास नागपूरचे विमान उशिरा सुटून पुढचे चुकले, तर त्याची जबाबदारी सहसा कोणतीही कंपनी घेत नाही.