एका माणसाचं वऱ्हाड

हल्ली एखादा तरुण माईक धरून उभा राहतो, तासभर एकटाच बोलतो आणि समोरचे लोक हसून बेजार होतात. त्याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. नाव नवं आहे, पण एकट्यानं उभं राहून गर्दीला हसवणं आपल्याकडं जुनंच. तमाशातला सोंगाड्या ते करायचा, दारोदार फिरणारा बहुरूपी करायचा. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगमंचावर उभी केली. मला मात्र आज दुसऱ्या देशपांड्यांविषयी बोलायचंय, आमच्या मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांविषयी.

त्यांचा जन्म १९४३ चा. तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवत आणि पुढं त्या विभागाचे प्रमुखही झाले. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग त्यांनी १९७९ च्या सुमारास सुरू केला. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, आणि पन्नासच्या वर पात्रं तीही त्यांचीच. खेड्यातल्या घरातलं पोरगं इंग्रज मुलीशी लग्न ठरवतं आणि सगं-सोयरं सारं विमानात बसून लंडनला निघतं, एवढीच गोष्ट. (विदर्भातली मंडळी नाव ऐकून हे नाटक आपलंच समजतात, पण हे वऱ्हाड लग्नाचं!) अंगावरच्या शेल्याचा पदर झाला की बाई, तोच खांद्यावर टाकला की बाप्या. रंगभूषा नाही, नेपथ्य जवळजवळ नाही. जे काही होतं ते गळ्यात आणि चेहऱ्यात.

हे एवढं मोठं का वाटलं, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात. एके काळी जिल्ह्याचं ठाणं या नळदुर्गलाच होतं. कचेरीचा कागद उर्दूत, शाळा उर्दूत. मराठी राहिली ती घरात, बाजारात, कीर्तनात. १९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि छापील पुस्तकांतली मराठी आली ती पुण्या-मुंबईकडची. आमच्या बोलीतले 'कुठं चाललाव', 'काय करायलाव' हे शब्द पुस्तकात कुठं सापडेनात. माणूस आपल्याच भाषेत चोरटा झाला. बोलताना आधी चाचपून बघायचा.

माझं तर दुहेरी होतं. घरात दखनी, गल्लीत ही मराठी. तरुणपणी एका कविसंमेलनात मी कविता वाचायला उभा राहिलो. कविता गंभीर होती. पहिल्या दोन ओळींतच माझ्या हेलावर सभागृहात खसखस पिकली. कविता मी पुरी वाचली, पण त्यानंतर बरीच वर्षं उच्चार घासून-पुसून घेतल्याशिवाय मंचावर चढलो नाही.

आणि मग 'वऱ्हाड'ची कॅसेट आली. नळदुर्गात लग्नाच्या मांडवात ती कर्ण्यावरून लागायची. हिंदूंच्या मांडवात लागायची, आमच्याही मांडवात. जेवणारे हात थांबवून ऐकायचे. हसू तेच, पण रोख फिरलेला. मराठवाडी म्हातारा विमान बघून बावचळतो, तरी लाजत नाही. सारं जग तो आपल्या गावच्या मापानं मोजतो आणि जग त्याला जरा कमीच भरतं. लोक त्याला हसता हसता त्याच्या बाजूनं होतात. नक्कल करणारे पुष्कळ असतात. देशपांडे नक्कल करत नव्हते, आपल्या आया-मावश्यांचं बोलणं मानानं मंचावर आणून बसवत होते.

लंडनमधली इंग्रज पात्रं मला तितकी भावत नाहीत, तिथला विनोद सोपा आहे. खरी जान आहे ती निघण्याच्या गडबडीत, रुसव्याफुगव्यांत, मानापानात. तिथं एकटा माणूस अख्खं गाव होतो.

याच भाषेचे प्रयोग पुण्या-मुंबईत झाले, परदेशात झाले, गिनेस बुकात नोंद झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये देशपांडे गेले. पुढं मराठवाड्याच्याच संदीप पाठक यांनी हे 'वऱ्हाड' पुन्हा मंचावर आणलं. त्यांचा प्रयोग बघताना माझ्या शेजारी शहरात वाढलेला एक मुलगा बसला होता. मध्येच त्यानं 'सरबराई' म्हणजे काय, असं विचारलं. मी सांगितलं. तो शब्द मूळ उर्दूतला की मराठीतला, हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढचा हशा आला होता.