करवंदीची जाळी

चाकणच्या कारखान्यांना लागून भामचंद्राचा डोंगर उभा आहे. तुकोबांच्या एकांतवासामुळें तो महाराष्ट्राच्या परिचयाचा. त्याच्या पश्चिमेस खेड तालुका भीमाशंकराकडे चढत जातो. तेथील मुरमाड उतारांवर माणसानें न लावतां जें झुडूप वाढतें, तें करवंदीचें. पांढरा चीक, जोडीनें उगवलेले कांटे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस काळीं होणारीं फळें. शेताच्या कुंपणास तिच्या फांद्या उपयोगीं पडत. याहून तिची अधिक किंमत शहरी मनुष्यास क्वचितच वाटे.

पण ओळख फार जुनी. चरकसंहितेंत हृद्य म्हणून जीं दहा द्रव्यें सांगितलीं आहेत, त्यांत आंबा, बोर, डाळिंब यांच्या पंक्तीस ‘करमर्द’ म्हणजे करवंद बसलेलें आहे. 1767 सालीं लिनियसनें शास्त्रीय नांव दिलें, तेंहि ‘कॅरिसा कॅरंडास’. देशी नांवाचा ध्वनि त्यांत राहिलाच.

डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना मात्र तें पोथींतून कळलें नव्हतें. वैशाख सरतां सरतां कणगी रिकामी होई, पेरणी व्हावयाची असे, हातीं पैसा नसे. नेमकी त्याच दिवसांत जाळी काळी होई. मुलें जाळीपाशींच भूक भागवीत. बाया पहांटे तोडणी करून, ओरखडलेल्या हातांनीं पळसाच्या पानांचे द्रोण भरीत व बाजार गांठीत. ‘डोंगरची काळी मैना’ ही आरोळी शहरांत हौसेची वाटे. आरोळी देणारीच्या घरीं त्या दिवशींची मीठमिरची तिच्यावरच येई.

आंबट फळांत काय असतें, याचा उलगडा उशिरां झाला. ‘क’ जीवनसत्त्व 1932 च्या सुमारास ओळखलें गेलें. पुढें कुन्नूरच्या प्रयोगशाळेनें देशी अन्नांचीं कोष्टकें केलीं. 1940 च्या सुमारास हिस्सारच्या दुष्काळांत हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग पसरला, तेव्हां आवळा कामास आला. करवंद आवळ्याच्या तोडीचें नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्यास सर्व रोगांवरील औषध म्हणणारे जाहिरातदार लोकांस फसवितात. तरी ‘क’ जीवनसत्त्व त्यांत आहे, आणि कच्च्या फळांत पेक्टिन असल्यानें जेली उत्तम धरते. मोरंब्यांत रंग व चव राहते, जीवनसत्त्वाचा बराच भाग मात्र उकळीबरोबर जातो. जाळीपाशीं उभ्यानेंच खाणारा गुराखी नफ्यांत!

पिंपरीस 1954 सालीं पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, 1962 सालीं औद्योगिक विकास महामंडळ आलें आणि पुढें वसाहती चाकणपर्यंत पसरल्या. माळ सपाट झाले, तशा त्यांवरील जाळ्याहि गेल्या. आंब्याचीं झाडें मोजलीं जातात. करवंदीची जाळी कोण मोजणार? भीमाशंकराच्या बाजूस 1985 पासून अभयारण्य आहे. तिकडच्या डोंगरांतून उन्हाळ्यांत द्रोण अजून बाजारास उतरतात, आणि द्रोणाचा भाव बहुधा घेणाराच ठरवितो.