एपिसोड ४१ : शंभर पाउंडांचा धूरगोळा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाची अडखळ काढलीय, बाकी तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात माझ्याच एका पापापासून करतो.

इंजिनिअरिंग संपवून पहिल्या नोकरीला लागलो होतो. सहा-सात महिन्यांनी माझ्या नावावर एक तिकीट आलं. काम दहा मिनिटांचं. ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर मोठा बॅनर, त्यावर ठळक अक्षरांत "६० टक्के सूट", आणि त्या साठच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी. चांदणीचा खुलासा सगळ्यात खाली. तिकिटात लिहिलं होतं की खुलासा फार डोळ्यात येतोय, फॉन्ट लहान करा, रंग फिका करा. मी केला. बाराचा नऊ केला, करडा रंग अजून करडा केला, कोड पुढे ढकलला आणि चहाला गेलो.

काही महिन्यांनी आईने त्याच ॲपवरून मिक्सर मागवला. रात्री तिचा फोन. "अरे, साठ टक्के लिहिलंय ना? मग बिल एवढं कसं आलं?" आणि मी, म्हणजे ज्याने स्वतःच्या हाताने ती ओळ पुसट केली होती तो, तिला म्हणालो, "आई, खाली लिहिलेलं असतं. वाचायचं असतं ते."

हे वाक्य आजही मला टोचतं. त्यामुळे जाहिराती वाढवून सांगतात का, यावर मी वेळ घालवणार नाही. सांगतात. पूर्वी बाजारात बसून भाजी विकणारीही वाढवूनच सांगायची. मला जाणून घ्यायचं होतं की किती वाढवलं तर चालतं, हे कधी कोणी ठरवलं का? शोधता शोधता मी पोचलो १८९१ च्या लंडनला, एका रबरी गोळ्यापाशी.

आधी काळ समजून घेऊ. १८८९ च्या शेवटी रशियाकडून युरोपात इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि पुढची दोन-तीन वर्षं लाटांनी परत येत राहिली. आपण कोविड पाहिलाय, त्यामुळे हे वेगळं समजवायची गरज नाही. जानेवारी १८९२ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नातू, प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर, याच आजारात गेला. गादीच्या रांगेत दुसरा नंबर, वय २८. माझ्याच वयाचा पोरगा. राजवाड्यातले डॉक्टर त्याला वाचवू शकले नाहीत, तर साध्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? हा आजार ज्या विषाणूमुळे होतो तो माणसात सापडायला १९३३ उजाडलं. म्हणजे तोपर्यंत मैदान मोकळं.

या मैदानात फ्रेडरिक रो नावाचे गृहस्थ "कार्बोलिक स्मोक बॉल" घेऊन उतरले. रबराचा पोकळ गोळा, आत कार्बोलिक आम्लाची पूड, वर एक नळी. नळी नाकाशी धरायची आणि गोळा दाबायचा. पुडीचा धुरळा नाकात जातो, नाक वाहायला लागतं, आणि माणसाला वाटतं की चला, रोग बाहेर पडतोय. जुन्या लाल साबणाचा तो दवाखान्यासारखा वास आठवतोय? तोच कार्बोलिकचा. किंमत १० शिलिंग, म्हणजे अर्धा पाउंड. स्वस्त नव्हता.

१३ नोव्हेंबर १८९१ च्या 'पॉल मॉल गॅझेट'मध्ये कंपनीने जाहिरात दिली. हा गोळा सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल, त्याला १०० पाउंड बक्षीस. म्हणजे गोळ्याच्या किमतीच्या २०० पट! आणि आम्ही गंमत करत नाही हे दाखवायला १००० पाउंड रीजंट स्ट्रीटवरच्या अलायन्स बँकेत ठेवले आहेत. त्याच जाहिरातीत हेही होतं की मागच्या साथीत हजारो गोळे विकले गेले आणि वापरणाऱ्याला रोग झाल्याचं एकही खात्रीचं उदाहरण नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. अरे, खात्री करायला गेलं कोण होतं? लॉगिंगच बंद ठेवलं तर एरर दिसणार कुठून?

लुइझा कार्लिल नावाच्या बाईंनी ही जाहिरात वाचली आणि २० नोव्हेंबरला गोळा विकत घेतला. रोज तीनदा, नियमाने. दोन आठवडे झाले तरी थांबल्या नाहीत. १७ जानेवारीपर्यंत, म्हणजे दीडशेच्या वर वेळा त्यांनी ती पूड नाकात ओढली. मग त्यांना इन्फ्लुएन्झा झाला.

त्यांचे यजमान वकिली शिकलेले. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. नाही. तिसऱ्याला जे उत्तर आलं ते ऐकण्यासारखं आहे. आमचा गोळा नीट वापरला तर काम करतोच. पण खोटे दावे टाळायचे म्हणून बाईंनी रोज आमच्या कचेरीत येऊन, आमच्या सेक्रेटरीसमोर गोळा वापरून दाखवावा. कस्टमर केअरला "तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" ऐकून ज्याचं डोकं फिरलंय, त्याला हे पत्र घरचंच वाटेल.

प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टात कंपनीची बाजू मांडली हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ यांनी, जे पुढे १९०८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. कंपनी हरली, अपिलात गेली, आणि डिसेंबर १८९२ मध्ये तिथेही हरली.

कंपनीने बचावात काय काय नाही आणलं! ही तर पैज आहे, आणि पैजेचे पैसे कायद्याने वसूल होत नाहीत. सगळ्या जगाशी करार कसा होईल? बाईंनी आम्हाला "तुमची ऑफर मान्य आहे" असं कुठे कळवलं? पण मुख्य मुद्दा एकच: हे सगळं नुसतं "पफ" होतं. कायद्याच्या भाषेत पफ म्हणजे विक्रेत्याची फुशारकी, जी कोणीही शहाणा माणूस खरी धरत नाही. बेकरीतला पफ आठवा. बाहेरून केवढा मोठा, आत निम्मी हवा.

न्यायमूर्ती लिंडली यांनी त्या १००० पाउंडांवर बोट ठेवलं. नुसती फुशारकी होती, तर बँकेत पैसे कशाला ठेवले? लोकांचा विश्वास बसावा म्हणूनच ना? मग विश्वास बसला, आता द्या. न्यायमूर्ती बोवेन यांनी हरवलेल्या कुत्र्याचं उदाहरण दिलं. माझा कुत्रा शोधून आणणाऱ्याला बक्षीस, अशी जाहिरात दिली, तर शोधणाऱ्याने आधी पत्र लिहून "मी शोधायला निघतोय" असं कळवायचं असतं का? कुत्रा आणला की ऑफर मान्य केली असंच धरायचं. गंमत म्हणजे आपल्याकडे हे आधीच लिहिलेलं होतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं आठवं कलम साधारण हेच सांगतं, लंडनच्या निकालाच्या २० वर्षं आधी. तरी तुमच्या ओळखीत कोणी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला असेल तर विचारून बघा, कार्लिल बाई त्यांना पाठ असतात.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी "ग्राहकाचा विजय" म्हणून सांगितली जाते. मीही खूश झालो होतो. मग निकाल पुन्हा वाचला आणि एक गोष्ट लक्षात आली. गोळ्याने इन्फ्लुएन्झा थांबतो का, हे ठरवायला कोर्ट बसलेलंच नव्हतं. सवाल होता वचनाचा, मालाचा नाही. कंपनीने "सर्वोत्तम गोळा, खात्रीचा उपाय, घराघरात हवाच" एवढंच छापलं असतं, आकडा आणि बँक मधे आणली नसती, तर बाईंच्या हाती बहुधा काही लागलं नसतं. हा धडा ग्राहकांआधी जाहिरात करणारे शिकले.

पहिला धडा तर रो साहेबांनीच गिरवला. निकालानंतर तीनच महिन्यांत, फेब्रुवारी १८९३ मध्ये, 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये त्यांची नवी जाहिरात आली. मला वाटलं होतं बक्षीस रद्द केलं असेल. छे! १०० चे २०० पाउंड केले! हरलेल्या केसचीच जाहिरात केली: हजारो गोळे विकले गेले आणि १०० पाउंड मागायला फक्त तीन माणसं आली, यावरूनच गोळ्याचा गुण सिद्ध होतो. (किती जण आजारी पडून गप्प बसले, किती जणांचा वकिली शिकलेला नवरा नव्हता, ते सोडून द्या.) आणि मग खाली: ही ऑफर अटींना अधीन आहे. अटी मागवल्यावर मिळतील. त्यांची प्रत सही करून, उपचार सुरू करण्याआधी, लंडनच्या कचेरीत जमा करावी. ऑफर ३१ मार्चपर्यंतच.

हे वाचताना मला माझं तिकीट आठवलं. हीच ती चांदणी. "अटी व शर्ती लागू" याचा जन्म इथेच झाला असं मी म्हणत नाहीये, नाहीतर मीच वाढवून सांगतोय असं व्हायचं. पण वर आकडा मोठा करायचा आणि खाली वाट अरुंद करायची, हा सगळा डिझाइन पॅटर्न १८९३ मध्ये तयार होता.

दुसरी वाट त्याहून सोपी: मोजताच येणार नाही असं बोला. त्याच काळात 'बीचम्स पिल्स'ची ओळ इंग्लंडभर गाजत होती, की एका डबीचं मोल एक गिनी आहे. गिनी म्हणजे २१ शिलिंग, आणि डबी मिळायची एक शिलिंगच्या आसपास. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं पृथक्करण करून पुस्तकच काढलं. बीचमच्या गोळीत निघालं काय, तर कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. अख्ख्या डबीतल्या मालाची किंमत जेमतेम अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. पण "मोल एक गिनी" यावर दावा कसा लावणार? मोल म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता आपल्याकडे येऊ. १९५४ मध्ये भारताने औषधं आणि "जादुई उपाय" यांच्या जाहिरातींवर कायदा केला. मधुमेह, कर्करोग, अगदी उंची वाढवणं, अशा ठरावीक गोष्टींवर इलाज असल्याची जाहिरातच करायची नाही. कायदा सत्तरीचा झालाय. मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी उभं राहून आजूबाजूला चिकटवलेली पत्रकं वाचा, म्हणजे त्याची तब्येत कळेल.

आणि आकड्यांचा मोह मोठ्या कंपन्यांनाही सुटत नाही. १९९७ मध्ये पेप्सोडेंटची जाहिरात आली होती, आघाडीच्या टूथपेस्टपेक्षा १०२ टक्के चांगली. दोन टक्के कुठून आले असतील? मला वाटतं तिथेच कुणाचा तरी मेंदू चाललाय. शंभर म्हटलं तर फुशारकी वाटते, १०२ म्हटलं की कोणीतरी प्रयोगशाळेत मोजलंय असं वाटतं. यात कोर्टात कोण गेलं? दात घासणारे आपण नाही. कोलगेट गेली. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. असं बरेचदा होतं. प्रतिस्पर्ध्याकडे वकील असतो, आपल्याकडे मिक्सरचं बिल.

तरी एखादी कार्लिल बाई निघते. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने 'फेअर अँड हँडसम' क्रीमच्या जाहिरातीबद्दल इमामी कंपनीला साडेचौदा लाख रुपये भरायला सांगितले. तक्रार २०१३ ची, क्रीम ७९ रुपयांची. आणि कंपनीचा बचाव? तक्रारदाराने क्रीम सांगितल्याप्रमाणे वापरलं याचा पुरावा नाही. सेक्रेटरीसमोर येऊन वापरून दाखवा, दुसरं काय! ११ वर्षं हा माणूस ७९ रुपयांसाठी टिकून राहिला. मी मिक्सरसाठी एक ईमेलही केला नाही.

कार्लिल बाईंचं पुढे काय झालं, हे विचारणारच तुम्ही. कंपनी काही वर्षांत बुडाली, रो १८९९ मध्ये क्षयाने गेले. बाई मात्र १९४२ पर्यंत जगल्या, ९६ वर्षं. शेवटच्या आजारात म्हातारपण होतं आणि, होय, इन्फ्लुएन्झा.

अजून एक, कारण तुमच्यातले निम्मे आमच्याच धंद्यातले आहात. जून २०२२ पासून आपल्याकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की खुलासा ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत हवा, आणि दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवा. दावा मराठीत आणि अटी इंग्रजीत, हे चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. मी ते तिकीट बंद केलं तेव्हा ही तत्त्वं नव्हती. परवा ते जुनं ॲप मुद्दाम उघडून पाहिलं. चांदणी आहे तिथेच आहे. खुलासा आता बॅनरवरच नाही. चांदणीवर टॅप केलं की दुसरं पान उघडतं, आणि त्या पानावर फॉन्ट अगदी मोठा आहे.

हा एपिसोड आईला पाठवतोय. मिक्सर चालू आहे अजून, चटणीचं भांडं तेवढं गळतं. पुढच्या भागात भेटू, तोवर नमस्कार.